घरातील भय हेच गुन्हेगाराचे भांडवल

निवृत्तीनंतरच्या सवडीमुळे गेल्या चार-पाच वर्षांत नांदेड व लातूर जिल्ह्यांतील अनेक पालक मेळाव्यांना मी उपस्थित राहिलो आहे. व्यासपीठावर कधी पोलीस अधिकारी असतात, कधी शिक्षणाधिकारी, कधी संस्थाचालक, तर कधी एखादे लोकप्रतिनिधी. वक्ते बदलतात, भाषण मात्र एकच असते. इंटरनेटवर मुलामुलींना फसवणारे, धमकावणारे, त्यांची छायाचित्रे मिळवून छळणारे लोक टपून बसले आहेत. तेव्हा पालकांनो, मुलांच्या मोबाइलवर लक्ष ठेवा. टाळ्या होतात, चहा होतो आणि मेळावा संपतो. समोर बसलेल्या श्रोत्यांत दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या बाया असतात, रात्रपाळी करून आलेले रखवालदार असतात आणि नातवंडांचे पालक म्हणून सही करायला आलेल्या आज्या असतात. लक्ष ठेवायचे म्हणजे नेमके कोणी, केव्हा आणि कसे ठेवायचे, हे त्यांना कोणीही सांगत नाही.

या उपदेशात खोटे असे काही नाही. मुलाची सुरक्षितता घरापासून सुरू होते, हे विधान शंभर टक्के खरे आहे. परंतु ते उच्चारून शासन, शिक्षणसंस्था आणि कंपन्या आपापली जबाबदारी झटकून मोकळ्या होतात आणि सारे ओझे अशा कुटुंबाच्या खांद्यावर टाकतात, ज्याच्याकडे वेळ नाही, ज्ञान नाही आणि पुष्कळदा एकत्र राहण्याची सोयही नाही. म्हणून या विधानाची उलटतपासणी करणे मला आवश्यक वाटते. ती करताना आपल्या चळवळीतील माणसांच्या घरांनाही मी सूट देणार नाही. माझ्या स्वतःच्या चुकीपासूनच आरंभ करतो.

एक चूक

आमच्या वस्तीत दहावीत शिकणारी एक मुलगी होती. तिची ओळख पटू नये म्हणून मी अधिक तपशील देत नाही. आईवडील ऊसतोडीला गेलेले. घरी आजी, ही मुलगी आणि धाकटा भाऊ. आईशी बोलता यावे म्हणून वडिलांनी एक जुना स्मार्टफोन घरी ठेवला होता. त्या फोनवर एका अनोळखी 'मैत्रिणी'ने तिच्याशी ओळख वाढवली. महिना-दीड महिना गोड बोलणे झाले. मग एक छायाचित्र मागितले गेले, ते मिळताच दुसरे. त्यानंतर 'मैत्रीण' नाहीशी झाली आणि एक पुरुष बोलू लागला : सांगतो तसे कर, नाहीतर हे सारे तुझ्या वडिलांना पाठवतो.

चार महिने ती गप्प राहिली. अखेर ती माझ्या पत्नीजवळ बोलली आणि प्रकरण माझ्यापर्यंत आले. मी काय केले? तिच्या वडिलांना फोन लावला आणि आयुष्यभर वर्गात शिकवलेल्या माणसाच्या ठाम सुरात सांगितले, "आधी तिच्या हातातला मोबाइल काढून घ्या." वडिलांनी तेच केले. त्याच दमात त्यांनी तिची शाळाही बंद केली. मोबाइलमुळे मुलगी बिघडली, असा त्यांनी माझ्या बोलण्याचा अर्थ लावला आणि तो अर्थ लावायला मीच जागा करून दिली होती. तक्रार झाली नाही. धमकावणारा तसाच मोकळा राहिला. शिक्षा झाली ती मुलीला.

पुढे मी तिला विचारले, "चार महिने घरी का सांगितले नाहीस?" तिचे उत्तर सरळ होते. सांगितले असते तर हेच झाले असते; शाळा सुटली असती. तिने चार महिन्यांपूर्वी बांधलेला अंदाज तंतोतंत खरा ठरला. अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर तिचा हिशेब बरोबर होता; चुकलो होतो आम्ही.

गुन्हेगाराजवळ असते काय?

या प्रकारच्या गुन्ह्याची रचना नीट समजून घेतली पाहिजे. धमकावणारा शेकडो मैल दूर बसलेला असतो. त्याच्या हातात काठी नसते, तो दार फोडून आत येऊ शकत नाही. त्याच्याजवळ एक फोन, एक खोटे नाव आणि भरपूर वेळ एवढेच असते. मग एखाद्या मुलीला किंवा मुलाला तो महिनोन्महिने आपल्या मुठीत कसा ठेवतो? 'तुझ्या घरी सांगतो' हे त्याचे एकमेव शस्त्र होय. ज्या घरात मूल निर्भयपणे सांगू शकते, त्या घरात हे शस्त्र पहिल्याच दिवशी बोथट होते. ज्या घरात सांगण्याचा परिणाम मार, बदनामी, शाळाबंदी किंवा घाईघाईचे लग्न असा ठरलेला आहे, तेथे ते कायम धारदार राहते. म्हणजे या धंद्याचे खरे भांडवल म्हणजे मुलाला वाटणारे घराचे भय. हे भांडवल गुन्हेगार बरोबर घेऊन येत नाही. ते आपणच घरोघरी साठवून ठेवलेले असते.

मुले केवळ छायाचित्रांतच अडकतात असे नाही. कोणी वडिलांच्या खात्यातून खेळावर पैसे लावतो आणि हरलेली रक्कम लपवण्यासाठी आणखी लावतो. कोणी नोकरीच्या वा शिष्यवृत्तीच्या आमिषाने ओटीपी सांगून बसतो. वर्गातील मुलांच्या गटात एखाद्याची रोज टवाळी चालते. या प्रत्येक प्रकरणात पहिल्या दिवशी झालेले नुकसान लहान असते. ते मोठे होते ते लपवण्यामुळे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील प्रा. सोनिया लिव्हिंगस्टन व त्यांचे युरोपीय सहकारी २००६ पासून अनेक देशांतील मुलांच्या इंटरनेट वापराचा अभ्यास करीत आले आहेत. नुसत्या बंदीने धोका काहीसा कमी होतो, पण शिकण्याची संधी आणि स्वतःला सांभाळण्याचे कौशल्यही त्याबरोबर कमी होते, आणि प्रत्यक्ष आयुष्यात जी मुले एकाकी व असुरक्षित असतात तीच इंटरनेटवरही अधिक असुरक्षित ठरतात, असे त्यांचे सांगणे आहे. आपल्याकडचा अनुभव याहून वेगळा नाही.

म्हणून प्रश्न असा विचारला पाहिजे की, मूल ज्या घरात बोलू शकेल ते घर आपल्या या भागात शिल्लक आहे काय? नसेल तर ते कोणी मोडले? दोन प्रकारच्या कुटुंबांकडे पाहू.

कोयत्याचे कुटुंब

नांदेड जिल्ह्यातील मुखेड, कंधार, लोहा हा डोंगरपट्टा आणि लातूर जिल्ह्यातील जळकोट, अहमदपूर, रेणापूर हा भाग दरवर्षी दिवाळीच्या सुमारास रिकामा होऊ लागतो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फेडण्यासाठी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात उसाच्या फडावर जावे लागते. साखर कारखानदारीच्या हिशेबात नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. एका शब्दात दोन माणसे आणि एक संसार हत्यारात रूपांतरित होतात. पहाटेच्या अंधारात तोड सुरू होते. रात्री-अपरात्री गाडी आली की भरणी करावी लागते. एक दिवस काम चुकले तर 'खाडा' धरला जातो आणि दंड कापला जातो. मुले बरोबर नेली तर कोपीतले जिणे आणि शाळेला मुकणे. मागे ठेवली तर म्हाताऱ्या आजीच्या स्वाधीन.

अशा घरातील आईला 'मुलांवर लक्ष ठेवा' असे सांगणे ही क्रूर थट्टा आहे. मुलीचा आवाज बदललेला आहे हे तिला फोनवर जाणवेलही. पण गावी येऊन तिला जवळ घ्यायचे तर खाडा भरावा लागेल. मुलीच्या मायेची किंमत मुकादमाच्या वहीत अशी दंडाच्या रूपाने मांडलेली असते. आणि ज्या मोबाइलला आपण सारे शिव्या देतो, तोच सहा महिने मायलेकींमधील एकुलता एक धागा असतो. 'मोबाइल काढून घ्या' असे मी म्हणालो, तेव्हा तो धागा तोडा असेच मी सांगत होतो, हे मला फार उशिरा कळले.

या राज्याला एकेकाळी हे समजत होते. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा होरपळला, त्या अनुभवातून रोजगार हमीचा विचार बळकट झाला आणि १९७७ साली महाराष्ट्राने त्याचा कायदा केला. रोजगार हमीच्या कामावर पिण्याचे पाणी आणि सावली यांबरोबर पाळणाघराचीही तरतूद होती. अंमलबजावणी अपुरी होती, हे आपणच मोर्चे काढून सांगत होतो. पण तत्त्व मान्य झाले होते : आई मजुरीवर असेल तर तिच्या मुलाची काळजी ही समाजाची जबाबदारी आहे. आज ते तत्त्व गुंडाळून ठेवण्यात आले आहे आणि गरिबाच्या घरात मोबाइल हेच पाळणाघर झाले आहे. हे पाळणाघर फुकटात चालते असे वाटते; त्याचे भाडे मूल भरते.

लातूर पॅटर्नचे कुटुंब

दुसरे कुटुंब वरकरणी सुस्थितीतले दिसते. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या संस्थांतील शिक्षकांनी जादा तास, सततचा सराव आणि विद्यार्थ्यांकडे वैयक्तिक लक्ष यांच्या बळावर जो 'लातूर पॅटर्न' उभा केला, त्याचा मराठवाड्यातील आम्हां शिक्षकांना अभिमान होता. मागासलेल्या भागातील शेतकऱ्याचे पोर डॉक्टर होऊ शकते, हे त्याने दाखवून दिले. पण त्यातील शिक्षकाचा वेळ हळूहळू बाजारात विकायला आला आणि आज लातूर व नांदेड ही दोन्ही शहरे शिकवणी वर्गांच्या पेठा झाली आहेत. पंधरा-सोळा वर्षांची हजारो मुले खोली, मेसचा डबा आणि अभ्यासिका या त्रिकोणात एकटी राहतात. सराव परीक्षा मोबाइलवर, सूचना व्हॉट्सॲपवर, शंकानिरसन ध्वनिचित्रफितीवर. घराशी होणारे बोलणे एका प्रश्नात आटोपते : मार्क किती पडले?

या मुलावर कोणते संकट आले तर तो वडिलांना सांगेल काय? वडिलांनी वर्गाची फी भरण्यासाठी जमीन गहाण टाकली आहे, हे त्याला ठाऊक असते. खेळात हरलेले पाच हजार किंवा एखाद्या खोट्या प्रोफाइलने घातलेली धमकी सांगणे म्हणजे आपण त्या जमिनीशी बेइमानी केली अशी कबुली देणे, असे त्याला वाटते. ऊसतोड मजुराच्या घरात आईवडिलांचे अंतर मुलाचे तोंड बंद करते, येथे कर्ज करते. घरातील भय केवळ बापाच्या हातातील काठीतून येत नाही. ते सावकाराच्या वहीतून आणि बँकेच्या नोटिशीतूनही येते, हे आपल्या मेळाव्यांतील वक्त्यांच्या गावीही नसते.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये, समुपदेशनाची सोय असावी, असे त्यांत म्हटले आहे. या सूचनांचा आपल्या दोन शहरांत किती मान राखला जातो, हे पाहण्यासाठी कोणत्याही वर्गाच्या दारावरील आठवी-नववीच्या 'फाउंडेशन'च्या जाहिराती वाचाव्यात.

मोबाइल घरात आणला कोणी?

मुलांच्या हाती मोबाइल दिलाच कशाला, असे विचारणाऱ्यांना स्मरण करून दिले पाहिजे की तो हाती देणारे शासनच होते. मार्च २०२० मध्ये शाळांना कुलपे लागली. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' अशी घोषणा झाली. ग्रामीण भागातील पाचवीपासूनचे आणि शहरांतील आठवीपासूनचे वर्ग सर्वत्र सुरू व्हायला ४ ऑक्टोबर २०२१ उजाडावा लागला. दीड वर्ष मोबाइल हीच शाळा होती. लोकांनी शेळ्या विकून, हातउसने घेऊन फोन आणले. मात्र त्या फोनबरोबर येणारे धोके शिकवण्यासाठी कोणी आले नाही. पुढे शाळा उघडल्या. पण गृहपाठ, सूचना आणि अर्ज त्या पडद्यावरच राहिले.

जानेवारी २०२५ मध्ये बिलोली तालुक्यात घडलेली घटना वाचकांना आठवत असेल. लातूर जिल्ह्यातील वसतिगृहात शिकणारा एक मुलगा संक्रांतीसाठी गावी आला आणि अभ्यासासाठी मोबाइल हवा म्हणाला. कर्जात बुडालेल्या अल्पभूधारक बापाला तो घेऊन देता आला नाही. मुलाने जीव दिला आणि ते पाहून बापानेही. ज्या व्यवस्थेत मोबाइल नसणे हे मुलाला इतके असह्य होते आणि मोबाइल असणे हे दुसऱ्या मुलीला गुलामीत ढकलते, तेथे 'मोबाइल द्यावा की देऊ नये' हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे. दोन्ही घरांत मुलाचे दुःख वेळीच ऐकून घ्यायला उसंत नव्हती, हे त्यांतील साम्य आहे.

'असर' या संस्थेच्या २०२४ च्या पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागातील १४ ते १६ वयोगटात दहापैकी जवळजवळ नऊ मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे. पाहणीआधीच्या आठवड्यात ५७ टक्के मुलांनी तो अभ्यासासाठी वापरला होता आणि ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. त्या माध्यमांवर असलेल्यांपैकी एखाद्या त्रासदायक व्यक्तीला रोखायचे कसे, हे सुमारे ६२ टक्क्यांनाच ठाऊक होते. उरलेल्या मुलांना आपण दाराला कडी नसलेल्या घरात झोपवले आहे.

नफा कोणाचा, जबाबदारी कोणाची?

आता या घरापलीकडे पाहू. इन्स्टाग्राम, फेसबुक आणि व्हॉट्सॲप यांची मालक असलेल्या मेटा कंपनीचे २०२४ चे उत्पन्न सुमारे १६४ अब्ज डॉलर होते आणि त्यातील बहुतेक सर्व जाहिरातींतून आले. जाहिरातदाराला विकला जाणारा माल म्हणजे माणसाचे लक्ष. मूल जितका वेळ पडद्याला चिकटून राहील तितका माल अधिक. ज्या संध्याकाळी आई फडावर आहे आणि बाप दुसऱ्या पाळीवर आहे, ती रिकामी संध्याकाळ या उद्योगाचा कच्चा माल आहे. २०२१ साली फ्रान्सेस हॉगन या माजी कर्मचारी महिलेने कंपनीची अंतर्गत कागदपत्रे उघड केली, तेव्हा किशोरवयीन मुलींवर होणाऱ्या दुष्परिणामांची कंपनीला कल्पना होती हे जगासमोर आले. ३१ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे मार्क झुकेरबर्ग यांना मुले गमावलेल्या पालकांकडे वळून दिलगिरी व्यक्त करावी लागली. दिलगिरीने नफ्याचे गणित बदलत नाही.

आपल्याकडचा कायदा काय करतो? २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती घेणे आवश्यक ठरवले आहे. मुलांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यासही मनाई केली आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यांतील मुख्य तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. मनाईचे मी स्वागत करतो. पण संमतीचे काय? आमच्या खेड्यात बापाच्या फोनवर आलेला संदेश मूलच वाचून दाखवते, ओटीपीही तेच टाकते. तेथे पालकाची संमती म्हणजे मुलाने मुलालाच दिलेली परवानगी. अशा संमतीच्या आड कंपनी मात्र सुरक्षित राहते. ऑस्ट्रेलियाने सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाती ठेवू देण्यास १० डिसेंबर २०२५ पासून बंदी केली. त्या बंदीबद्दल माझ्या मनात शंका आहेत. पण एक गोष्ट तेथील कायदेमंडळाने योग्य केली. दंड कंपनीला ठेवला, मुलाला किंवा पालकांना नव्हे. आपल्या संसदेनेही ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांविरुद्ध कायदा केला. म्हणजे मनात आणले तर शासनाला कंपन्यांपर्यंत पोहोचता येते.

बंदी आणि एकत्र संध्याकाळ

महाराष्ट्रातील दोन गावांनी २०२२ साली या प्रश्नाला दोन वेगळी उत्तरे दिली. यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरण्यास बंदी करणारा ठराव केला. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला आणि दीड तास सर्व घरांतील दूरदर्शन संच व मोबाइल बंद ठेवण्याचे ठरले. दोन्ही गावांची कळकळ खरी आहे. परंतु पहिल्या ठरावात मुले आरोपी आहेत आणि मोठी माणसे न्यायाधीश. दुसऱ्यात मोठ्यांनीही आपला फोन बाजूला ठेवायचा आहे. मुलाला बोलायला जागा मिळायची असेल तर ती दुसऱ्या वाटेनेच मिळेल. मात्र जेथे मोठी माणसे त्या वेळी गावातच नाहीत, तेथे हा भोंगा कोणासाठी वाजणार, हा आमच्या डोंगरपट्ट्याचा प्रश्न उरतोच.

आपल्या घरांचे काय?

आपल्यातील काही साथी म्हणतील की हा मध्यमवर्गीयांचा प्रश्न आहे, किंवा शोषणाची व्यवस्था बदलली की तो आपोआप सुटेल. पहिल्या आक्षेपाचे उत्तर वर आलेच आहे. दुसऱ्याविषयी मला एवढेच म्हणायचे आहे की घरातील हुकूमशाही ही व्यवस्थेचाच भाग आहे आणि ती मोडायला क्रांतीची वाट पाहावी लागत नाही. सभेत समतेवर बोलणारा आपला कार्यकर्ता घरी गेल्यावर मुलीचा फोन तपासतो आणि मुलाचा तपासत नाही. रात्री बारापर्यंत बैठका करणाऱ्या किती जणांना आपल्या मुलाच्या मित्रांची नावे सांगता येतील?

मुलीच्या बाबतीत हे भय अधिक दाट आहे, कारण त्यामागे लग्न उभे असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातील २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्क्यांचे लग्न अठराच्या आत झालेले होते. आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यात ते प्रमाण ४८ टक्के होते. 'मोबाइलमुळे बभ्रा होण्याआधी उजवून टाकू' हे वाक्य आम्ही सर्वांनी ऐकलेले आहे. दुसरीकडे, राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांत बालकांवरील गंभीर लैंगिक अत्याचारांच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो, असे वर्षानुवर्षे दिसते. ज्या घराच्या भिंतींआड मुलीला सुरक्षित ठेवल्याचा आव आणला जातो, तेथेही तिला कोणाविरुद्ध बोलण्याची मुभा हवीच असते.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. आपण त्या पुस्तकाकडे आईच्या मायेची कथा म्हणून पाहतो. त्यातला श्याम चुकतो, घाबरतो, खोटेही बोलतो आणि अखेर आईपाशीच येतो, हे आपण विसरतो. आई त्याला रागावते, पण दार लावून घेत नाही. मुलाच्या सुरक्षिततेचे सारे शास्त्र त्या उघड्या दारात आहे.

करायचे काय?

शासनाकडे आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. ऊसतोडीला जाणाऱ्या गावांत हंगामी वसतिगृहे पहिली टोळी गाव सोडण्यापूर्वी सुरू झाली पाहिजेत. तेथे जेवणाबरोबर मुलांचे ऐकून घेणारी प्रशिक्षित स्त्री असली पाहिजे. मुलाच्या अडचणीसाठी गावी जावे लागल्यास खाडा धरता कामा नये, ही अट ऊसतोड कामगारांच्या करारात आली पाहिजे. लातूर-नांदेडमधील खासगी वसतिगृहांची व शिकवणी वर्गांची नोंदणी, तपासणी आणि तेथील समुपदेशक सक्तीचे झाले पाहिजेत. २०२२ च्या शासन निर्णयाने शाळाशाळांत सखी-सावित्री समित्या नेमायच्या आहेत. त्या कागदावर आहेत की प्रत्यक्षात, हे प्रत्येक शाखेने आपल्या गावच्या शाळेत जाऊन विचारावे. आणि अनोळखी प्रौढाला मुलाशी थेट संपर्क साधता येणार नाही अशी रचना करण्याची, तक्रार येताच मजकूर काढण्याची आणि कसूर झाल्यास दंड भरण्याची जबाबदारी कंपन्यांवर कायद्याने टाकली पाहिजे.

कार्यकर्त्यांनी स्वतः करायचे काम याहून साधे आहे. १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक आणि आर्थिक फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक प्रत्येक वस्तीत भिंतीवर लिहा. बालकांच्या लैंगिक शोषणाची तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर नाव न देताही करता येते, हे पालकांना सांगा. अशी चित्रे नष्ट न करता किंवा न कळवता बाळगणे हाही 'पोक्सो'खाली गुन्हा ठरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे, म्हणजे लाज बाळगायची ती धमकावणाऱ्याने. पुरावा म्हणून संदेश पुसू नका, पैसे देऊ नका, असे सांगा. १९४१ पासून राष्ट्र सेवा दलाच्या शाखांनी या महाराष्ट्रात मुलांच्या संध्याकाळी खेळाने आणि गाण्याने भरल्या. त्या मैदानावर मूल एखाद्या ताईला किंवा दादाला मनातले सांगू शकत असे. ती संध्याकाळ आपण सोडली आणि कंपन्यांनी ती उचलली. ती परत घेतली पाहिजे.

आणि पहिले काम आपल्या घरात. आज रात्री जेवताना मुलांना एवढे सांगा : काहीही झाले तरी सांग, तुझी शाळा बंद होणार नाही, तुझ्यावर हात उठणार नाही, दोष तुझा धरला जाणार नाही. हे वचन देऊन ते पाळणे मोबाइल तपासण्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे.

त्या मुलीची हकीकत अर्धी राहिली. तिच्या वडिलांची समजूत घालायला आम्हांला एक हंगाम लागला. पुढच्या वर्षी सतरा नंबरचा अर्ज भरून ती दहावीला बसली आणि उत्तीर्ण झाली. लातूर विभागीय मंडळाच्या तिच्या गुणपत्रिकेत ते वाया गेलेले वर्ष कोठे दिसत नाही. मला ते रोज दिसते, कारण त्यातील माझा वाटा मला ठाऊक आहे. धमकावणाऱ्याचे काहीच गेले नाही. आमच्या भीतीवर त्याचा व्यापार चार महिने चालला आणि आमच्याच शहाणपणाने त्याला सुखरूप जाऊ दिले. येत्या दिवाळीनंतर आपल्या गावांतून टोळ्या पुन्हा निघतील. मागे राहणाऱ्या मुलांची यादी त्याआधी आपल्या प्रत्येक शाखेजवळ तयार असावी आणि त्या यादीतील प्रत्येक मुलाला, संकट आले तर कोणाचे दार वाजवायचे, हे ठाऊक असावे.